आरटीईचे कागद सोडतीआधी बघा

मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

शिक्षण हक्क कायद्यानुसार (आरटीई) खासगी शाळांतल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना सोडतीनं मिळतात; त्या जागांचे अर्ज भरायला पालकांना मदत करणारे आम्ही कार्यकर्ते. मागणी एकच: कागदपत्रांची पडताळणी आज सोडतीनंतर होते, ती आधी करा. सोडतीत नाव लागतं, गल्लीत पेढे वाटले जातात आणि मग पडताळणी समितीसमोर कागद कमी पडतो.

सगळ्यात जास्त घोळ नकाशावरच्या बलूनचा. घराचं ठिकाण त्यानं दाखवायचं आणि शाळेचं अंतर तिथून सरळ रेषेत मोजलं जातं. वस्तीतल्या बोळाला नकाशावर नाव नसतं. सायबर कॅफेवाला मग जवळचं मारुतीचं देऊळ शोधतो आणि बलून तिथे टेकवून मोकळा होतो. घर तीनशे मीटर अलीकडे असेल तर ९०० मीटरवरची शाळा १,२०० मीटरवर जाते. एक किलोमीटरच्या आतल्यांना प्राधान्य, म्हणजे मूल तिथेच मागे पडलं. चूक उलटी झाली तर आणखी वाईट: नाव लागतं, पण पत्ता जुळत नाही म्हणून प्रवेश जातो. दुरुस्तीसाठी मुदतीत जुना अर्ज डिलीट करून नवा भरावा लागतो. घाईत दोन्ही राहिले तर दोन्ही बाद.

(किलोमीटरवरून शिक्षण खातं एकदा अडचणीत आलेलंच आहे. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला या २५ टक्के जागांतून सूट, हा फेब्रुवारी २०२४ मधला बदल उच्च न्यायालयानं १९ जुलै २०२४ रोजी रद्द केला.)

भाड्यानं राहणाऱ्यांना पत्त्याचा पुरावा म्हणून भाडेकरार दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला, किमान ११ महिन्यांचा आणि अर्जाच्या तारखेआधीचा लागतो. पालक आणतात नोटरी केलेला. घरमालक नोंदणीला नाखूश असतो. हे वेळेत कळलं तर पालक दुसरा पुरावा तरी शोधतील. सोडतीनंतर नोंदवलेला करार चालतच नाही.

खुल्या प्रवर्गासाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला १ लाख, म्हणजे महिन्याला ८,३३३ रुपये. चार घरची धुणीभांडी करणारी बाई आणि बिगारी नवरा मिळून एवढं सहज ओलांडतात. दाखला मग ‘जमवावा’ लागतो. लोकांना खोटं बोलायला लावणारी मर्यादा ठेवायचीच कशाला?

हुकलेल्या मुलाला पुढे दार नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली केलेलं मूल दुसरीत या कोट्यातून येऊ शकत नाही; प्रवेश फक्त पहिलीत किंवा शाळेच्या पूर्वप्राथमिकमध्ये. हे कायद्याच्या कलम १२ (१) (सी) मध्येच आहे, एकट्या राज्याच्या हातात नाही, हे आम्ही जाणतो. पडताळणीची तारीख मात्र तुमच्याच खात्याच्या वेळापत्रकात असते.

अर्ज जागांपेक्षा जास्त येतात, सगळ्यांचे सगळे कागद आधी बघणं जमणार नाही, हेही खरं. म्हणून अर्जाच्या मुदतीत पंचायत समितीत आणि मनपाच्या शिक्षण विभागात दोन शनिवार टेबल लावा. बघायच्या गोष्टी तीनच: बलून घरावर आहे का, करार नोंदणीकृत आहे का, दाखल्यावरचं वर्ष बरोबर आहे का. मूळ कागदांची पूर्ण तपासणी सोडतीनंतरच राहू द्या.

आपले,
आरटीई मदत केंद्रांवरील कार्यकर्ते