सोमवारपासून सकाळचा फोन नाही

प्रिय आई-बाबा,
सा. न.

फोनवर हे नीट बोलता आलं नसतं, म्हणून लिहिते. येत्या सोमवारपासून सकाळी साडेसहाचा माझा फोन येणार नाही. रागावले नाहीये, आणि वेळ नाही असंही नाही. संध्याकाळी रोजच्यासारखाच फोन करीन, अगदी निवांत गप्पांसाठी. फक्त "बाबा, जिने झाले का?" हे विचारणं बंद.

चौथ्या मजल्यावरच्या माझ्या घरी स्वतःच्या पायांनी चढून यायचं, हे बाबा, तुम्ही ठरवलंत. पण महिनाभर मी रोज विचारत राहिले आणि तुमचा संकल्प माझा होऊन बसला. हल्ली तुम्ही "झाले" म्हणता ते मला बरं वाटावं म्हणून, हे आवाजावरून कळतं. दुसऱ्याला उत्तर द्यायचं म्हणून केलेलं काम, विचारणारा थांबला की थांबतं. माझ्याकडे येणाऱ्या माणसांच्या बाबतीत हे इतक्यांदा पाहिलंय की घरी तीच चूक करत राहणं बरं नाही. मे महिन्यातल्या त्या रात्रीनंतर काळजीपोटीच मी फोन सुरू केला होता. तो बंद करताना खूप चुकल्यासारखं वाटतंय. तरीही ठरवलंय.

आता नीट वाचा. चष्मा लावून.

माझ्याकडे 80 पायऱ्या आहेत. पहिले दोन आठवडे 20 पायऱ्या, सोमवार, बुधवार आणि शुक्रवार. मधले दिवस पायांना विश्रांती. मग दर दोन आठवड्यांनी 10 वाढवा. तेराव्या आठवड्यात 80 होतात. तुम्हाला पहिल्याच दिवशी 40 जमतील, मला माहीत आहे. जमल्या तरी चढू नका. दम लवकर सुधारतो, पण स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या कंडरा सावकाश बळकट होतात, आणि स्नायूंचं दुखणं बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतं. पहिल्या उत्साहात जास्त करायचं, तिसऱ्या दिवशी गुडघा धरायचा आणि मग सगळंच सोडून द्यायचं, असं मी फार वेळा बघते. त्याला इच्छाशक्ती कमी पडली म्हणणं चूक आहे. आकडा चुकलेला असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा सुजलेला वाटला, तर आणखी एक आठवडा त्याच आकड्यावर राहा. तेराचे पंधरा-सोळा आठवडे झाले तरी मी इथेच आहे.

चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. कठडा धरलेला हवाच. तुमच्या त्या गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरणं जड जातं, म्हणून घाई उतरताना तर मुळीच नको. चढता चढता एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर थांबा. छातीत दाब, जबडा किंवा हात दुखणं, चक्कर, यातलं काही जाणवलं तर पायरीवरच बसा आणि आईला हाक मारा. वर पोचायचा हट्ट त्या दिवशी नाही. डॉक्टरांनी तपासून हरकत नाही म्हटलंय म्हणूनच मी एवढं निवांत लिहिते आहे, हे दोघंही लक्षात ठेवा.

"रोज व्यायाम करीन" असं ठरवलं की कधी सुरू करायचं हा प्रश्न रोज नव्याने पडतो. त्याऐवजी असं ठरवा: दात घासून झाले की बूट घालायचे, आणि बूट घातले की जिन्याकडे. पाऊस असेल किंवा जिना ओला असेल, तर खुर्चीवरून 10 वेळा उठायचं-बसायचं. पीटर गोलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाचं या "अमुक झालं की तमुक" पद्धतीवर पुष्कळ काम आहे. 2006 साली त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी 94 चाचण्या एकत्र तपासल्या. कधी, कुठे आणि कसं हे आधीच ठरवून ठेवणाऱ्यांचे संकल्प स्पष्टपणे जास्त तडीस गेले होते. म्हणून बूट रात्रीच दाराशी ठेवा. खुर्ची भिंतीला टेकलेली हवी, चाकांची नको. हात छातीवर, पाय पूर्ण जमिनीवर. बसताना धपकन बसू नका, सावकाश बसण्यातच मांड्यांचा खरा व्यायाम आहे.

आणि 21 दिवसांत सवय लागते म्हणतात, ते मनातून काढून टाका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांच्या सवयी 12 आठवडे तपासल्या. त्यांचा अभ्यास 2010 साली छापून आला. सवय अंगवळणी पडायला सर्वसाधारण 66 दिवस लागत होते, पण कुणाला 18, तर कुणाला हिशेबाप्रमाणे 254. बाविसाव्या दिवशी बूट घालायचा कंटाळा आला तर तुमच्यात काही खोट नाही. त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने सवय मोडत नाही, असंही दिसलं. एक चुकला म्हणून "आता कशाला" म्हणत पुढचे चार सोडणं, नुकसान तिथे होतं. म्हणून एकच नियम: लागोपाठ दोन वार चुकवायचे नाहीत. सोमवार गेला, तर बुधवारी निम्म्या पायऱ्या चढा, पण चढा. हरवलेला सोमवार भरून काढायला जाऊ नका.

बाबा, सतराच्या पाढ्यात सतरा साते आलं की मी अडायचे आणि रडवेली होऊन पुन्हा सतरा एके म्हणायला लागायचे. तुम्ही माझ्या केसांवरून हात फिरवून म्हणायचात, "जिथं अडलीस तिथूनच पुढे." ते मला अजून तुमच्या आवाजात ऐकू येतं.

आई, आता तुझं. पोहायला शिकायचं तू कधीपासून म्हणते आहेस, आणि दर वेळी कुणाचं तरी काहीतरी आडवं येतं. बाबांना त्या तासाभरात काही लागत नाही. त्यांच्या गोळ्यांचा डबा मी वारांप्रमाणे लावून दिलाय, गरम पाणी त्यांना घेता येतं, आणि किल्ली त्या जुन्याच जागी आहे. तू मंगळवार आणि गुरुवार ठरव. पहिले दोन आठवडे हातपाय मारायचेच नाहीत. छातीएवढ्या पाण्यात कठडा धर, तोंड पाण्यात घाल आणि नाकातोंडाने बुडबुडे काढत श्वास पूर्ण सोड. मग वर येऊन घे. असं 10 वेळा. बहुतेक जण पाण्याखाली श्वास कोंडून धरतात आणि डोकं वर काढल्यावर त्या क्षणात सोडणं-घेणं दोन्ही करू बघतात. त्यातून धाप लागते आणि धापेतून भीती वाटते. हे जमलं की मग तरंगणं. शिकवणाऱ्या बाईंना पहिल्याच दिवशी तुझ्या खांद्याबद्दल सांग. लाजू नकोस.

दोघांनी एकाच कॅलेंडरवर खुणा करा. झालं तर टिक, नाही झालं तर एका शब्दात कारण: झोप, पाहुणे, गुडघा. खोटी टिक नको, बाबा. मला एकही टिक नसलेलं पान चालेल. दोन-तीन आठवड्यांनी तेच कारण पुन्हा पुन्हा दिसलं तर ते कारण दूर करायचं, स्वतःला बोल लावत बसायचं नाही. पेन्सिल दोऱ्याने खिळ्याला बांधून ठेवा, नाहीतर ती शोधण्यातच राहून जाईल.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अकराला मी व्हिडिओ कॉल करीन आणि तिघं मिळून ते पान बघू. कॅमेरा कॅलेंडरकडे धरा, छताकडे नको.

तुमची,
मनू

ता. क. आई, सोमवारी सकाळी साडेसहाला फोन वाजला नाही म्हणून तू त्यांना आठवण करायची नाहीस. तू आपली झोप.