सुन्या, तुझ्या सायकलचं

मंगळवार पेठ, कोल्हापूर

प्रिय सुन्या,

चार महिने पत्र नाही, फोन नाही, आणि आता लिहितोय तो कबुलीजबाब. शिव्या नंतर दे, आधी वाच. तब्येत ठीक. आईचा गुडघा आहे तसाच.

तू जिन्याखाली ठेवून गेलेली सायकल मी फिक्स्ड केली, म्हणजे चाक फिरतंय तोवर पायडलही फिरणारच. विचारलं असतं तर नको म्हणाला असतास, म्हणून विचारलंच नाही. गिअर, तारा, पाय थांबले तरी चाक पळू देणारं फ्रीव्हील, सगळं काढलं, मागच्या चाकाच्या मधोमध लॉकरिंगवाला हब घातला; लॉकरिंग म्हणजे चक्र सुटू नये म्हणून आवळायची कडी. लॉकरिंगचे आटे उलटे असतात हे बोटाचं साल निघाल्यावर कळलं.

आता चेन. पुढचं चक्र मोठं की छोटं यावरून कॅन्टीनमागं आपण आठवडाभर अबोला धरला होता बघ. मी अजून 52 दात्यांवरच अडून. मोठं चक्र दिसतं कसं लगा! मागं 16 दाते, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात चाक सव्वातीन वेळा. रंकाळ्याला मजा, चढाला जीव घशाशी. आणि करकर तर अशी, जात्यात खडा आल्यागत. शेवटी पंचगंगेकडं उतरताना चेन पडली. फ्रीव्हील असतं तर गाडी नुसती पळत राहिली असती. इथं चेन हबात अडकली आणि मागचं चाकच धरलं. रस्त्यावर हा लांब काळा पट्टा. पुढचा ब्रेक ठेवला होता म्हणून हे पत्र तरी लिहितोय. म्हशी धुऊन येणारा एक म्हातारा म्हणाला, "पोरा, थांबायची ही कुठली तऱ्हा?"

घरी येऊन पट्टी लावली. फ्रेमच्या मध्यापासून मागचं चक्र 42 मिलिमीटरवर, 52 चं 46 वर. चार मिलिमीटर तिरकी चेन! तुझं 42 दात्यांचं आतलं चक्र 41 वर येतं. एवढं चेनला कळतही नाही. तू तेव्हा हेच बोंबलत होतास. बरं, मान्य. तुझं एकच चक्र ठेवल्यावर बोल्ट लांब पडले, ते उद्यमनगरातल्या लेथवाल्याकडून पाच वॉशर कातून भागवलं. आता गाडी मुकी, नुसता टायरचा आवाज.

पण खरी गोम पुढंच आहे. वळणावरही पाय फिरतच राहतात, आणि क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, 170 मिलिमीटरचा असला की पायडल खाली घासतं. म्हणून 165 चे आणले. तुझा उजवा सहज निघाला. डाव्यात क्रँक ओढून काढायचा पुलर अर्धाच बसला होता, मी पान्याला जोर दिला, आणि आतले आटेच बाहेर आले, चकचकीत वेटोळं, जिलेबीच्या तुकड्यागत. उजवा मुकाट्यानं परत बसवला.

लेथवाला म्हणतो, "दोन पायांचा पुलर लावून ओढतो, निघंल. पण ओरखडे पडणार." तो क्रँक तुझ्या पहिल्या पगाराचा, मला माहितीय. तेव्हा पार्टी मागून मीच भांडलो होतो.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींना नमस्कार, चिनूचे दात आले का?

ओढायला सांगू की राहू दे, तेवढं कळव. काढलेलं सगळं पिशवीत घालून माळ्यावर ठेवलंय. एक नट सापडत नाही.

तुझा,
बाळ्या