सर्टिफिकेट राहू दे, आधी गडकरी सापडू देत

वडोदरा,
रविवार दुपार

प्रिय शुभे,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, तक्रारअर्जच म्हणायचा! कार्यकारिणीने ठराव केला, ‘वाचनालयाचे संगणकीकरण करावे व ग्रंथपालांनी त्यासाठी ऑनलाइन प्रशिक्षण घ्यावे’, आणि सह्या ठोकून मंडळी चहा पिऊन घरी गेली. कुठलं प्रशिक्षण, कोणत्या वेळात, तोवर देवघेव कोण बघणार, याबद्दल चकार शब्द नाही. वर अध्यक्ष म्हणाले, ‘हल्ली सगळं मोबाइलवर फुकट मिळतं.’ मिळतं ना. तीच तर अडचण आहे.

‘कुठला कोर्स करू ते एका ओळीत सांग’ असं लिहिलंयस. घे एका ओळीत: आधी काम ठरव, मग त्या कामापुरतं शिक. आता हे तुला पटणार नाही, कारण तुला लहानपणापासून पुस्तक पहिल्या पानापासून वाचायची खोड. म्हणून सविस्तर लिहिते.

तू पहिल्यांदा सर्टिफिकेटचा विषय काढलास, तर तोच आधी संपवू. २०२० च्या टाळेबंदीत आपल्या धंद्यात काय चाललं होतं ते आठव. रोज सकाळ-दुपार वेबिनार. विषय कुठलाही असो, शेवटच्या पाच मिनिटांत अभिप्रायाच्या फॉर्मची लिंक यायची आणि तेवढ्याचपुरती माणसं उगवायची. लग्नातल्या अक्षतांसारखी सर्टिफिकेटं उडत होती, ज्याच्या अंगावर पडली त्याची. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी भाजीच्या रांगेत उभ्या उभ्या ‘सत्र अत्यंत उपयुक्त होते’ असं भरून टाकलं होतं. वक्ता तेव्हा अजून बोलतच होता.

अर्थात कॉलेजवाल्यांचा त्यात स्वार्थ होता, माझाही. आम्हाला पदोन्नतीसाठी उजळणी वर्ग दाखवावे लागतात. २०१८ मध्ये सरकारने ‘स्वयम्’ या आपल्या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावर ‘अर्पित’ हे शिक्षकांचं प्रशिक्षण सुरू केलं ते त्यासाठीच. चाळीस तासांचा अभ्यास, त्यातले वीस तास व्हिडिओ आणि वीस तास बाकीचं साहित्य, शेवटी परीक्षा. पास झालात तर तो उजळणी वर्गाच्या जागी धरला जाई. व्यवस्था वाईट नव्हती. परीक्षा असल्यामुळे निदान वाचावं तरी लागायचं. पण तुझं तसं नाही. तुझा पगार अनुदानातून, त्याला ना वेतनश्रेणी ना बढती. दहा सर्टिफिकेटं फ्रेम करून लावलीस तरी पगारात पाच रुपयांचा फरक पडणार नाही. ही अन्यायाची गोष्ट आहे, तो विषय वेगळा. पण त्यामुळे तू मोकळी आहेस. तुला फक्त उपयोगाचं तेवढंच शिकायचंय, ही चैन आमच्या नशिबी नाही.

आणि ‘या वयात, असं घरबसल्या शिकून ग्रंथपाल होतं का कोणी’ हा जो सूर लावलायस ना, त्यावर तुला आमच्या बडोद्याचं उदाहरण देते. गेल्या खेपेला मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत तू काचेच्या फरशीवर पाय ठेवायला घाबरत होतीस, ती लायब्ररी १९१० साली सयाजीरावांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून उभी करायला घेतली. बॉर्डन इथे तीन वर्षं होते. त्यांनी पहिल्या झटक्यात काय केलं? १९११ मध्ये ग्रंथपालांचा प्रशिक्षणवर्ग काढला, देशातला पहिला. संस्थानात गावोगाव ग्रंथालयं काढायची, तर ती चालवणारी माणसं आणायची कुठून? पण खेड्यातल्या वाचनालयाचा कारभारी बहुतेक शाळामास्तरच, तो शाळा टाकून बडोद्याला कितीदा येणार? १९१२ पासून ‘लायब्ररी मिसलेनी’ नावाचं नियतकालिक निघू लागलं, इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत. ग्रंथालयाचा कारभार कसा करावा, कुठे काय नवं चाललंय, हे छापून जायचं. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरायच्या त्या वेगळ्याच. म्हणजे वर्ग माणसाकडे न्यायचा ही कल्पना काही इंटरनेटने आणलेली नाही. मराठीत, आपल्या धंद्याबद्दल, शंभर वर्षांपूर्वी छापून येत होतं, आणि आज तुला ‘मराठीत काही आहे का गं?’ असं विचारावं लागतं. याचा मला राग येतो, पण असो.

आता सध्या काय काय आहे ते. ‘स्वयम्’वर ग्रंथालयशास्त्राचे कोर्स येत असतात. शिकायला पैसे नाहीत, सर्टिफिकेट हवं तर परीक्षेची फी. इन्फ्लिबनेट, म्हणजे आमच्या गांधीनगरची संस्था, तिच्या ‘ई-पीजी पाठशाला’त एम.ए.च्या दर्जाचे धडे आहेत. तालिकीकरणाचे, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी करण्याचे, धडे चांगले, काही इतके कोरडे की पंखा लावून वाचले तरी घसा सुकतो. परदेशातलं बघायचं तर अमेरिकेत ओहायोच्या ओसीएलसी या ग्रंथालयांच्या सहकारी संस्थेचं ‘वेबजंक्शन’ हे शिकायचं संकेतस्थळ आहे, २००३ पासूनचं. सार्वजनिक वाचनालयं डोळ्यांसमोर ठेवून केलेलं आणि फुकट. पण तिथले प्रश्न तिथले. वाचकांना फॉर्म भरायला मदत कशी करावी यावरचं तिथलं काही तुझ्या कामाचं आहे, कारण तुझ्याकडेही लोक वर्तमानपत्र वाचायला म्हणून येतात आणि सातबारा कसा काढायचा ते विचारतात.

मला स्वतःला आवडलेली पद्धत मात्र जुनी आहे. अमेरिकेतल्या शार्लट शहरात २००६ साली हेलेन ब्लोअर्स नावाच्या बाईंनी आपल्या लायब्ररीच्या सगळ्या नोकरवर्गासाठी तेवीस छोट्या गोष्टींची यादी काढली. प्रत्येकाने आपापल्या सवडीने, नऊ आठवड्यांत त्या स्वतः करून बघायच्या. व्याख्यान नाही, परीक्षा नाही. ब्लॉग उघड, फोटो चढव, विकीवर दोन ओळी लिही. पूर्ण करणाऱ्याला एमपीथ्री प्लेअर बक्षीस! पुढे ही यादी जगभरातल्या ग्रंथालयांनी उचलली. त्यातली निम्मी साधनं आता मेली, पण युक्ती खरी आहे. करायला द्यायचं, ऐकवायचं नाही.

तेव्हा तुझं काम काय? ‘कोहा’ या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरवर पुस्तकांच्या नोंदी चढवणं. कोहाचं नाव काढलं की तुझा चेहरा कसा होतो ते मला इथून दिसतं, पण ते सॉफ्टवेअर काही बड्या विद्यापीठाने केलेलं नाही. न्यूझीलंडमधल्या हॉरोव्हेनुआ या ग्रामीण भागाच्या लायब्ररीचं जुनं सॉफ्टवेअर सन २००० उजाडल्यावर बंद पडणार होतं. नवं विकत घेणं परवडेना. त्यांनी १९९९ मध्ये एका छोट्या कंपनीकडून स्वतःपुरतं करून घेतलं, जानेवारी २००० मध्ये चालू केलं आणि जगाला मोफत देऊन टाकलं. तालुक्याच्या वाचनालयासाठीच जन्मलेलं आहे म्हण ना ते.

शिकायला आयआयटी मुंबईचं ‘स्पोकन ट्युटोरियल’ घे. त्यात कोहाची मालिका आहे. धडे लहान लहान, अर्ध्या पडद्यावर व्हिडिओ आणि अर्ध्यावर सॉफ्टवेअर, तो दाखवेल तसं करत जायचं. मध्येच थांबवता येतं, दहादा मागे नेता येतं, आणि ‘मॅडम परत सांगा ना’ म्हणायची लाज नाही.

पण कुठलाही कोर्स तुला जे सांगणार नाही ते आता ऐक, कारण ते मी आमच्या मराठी कपाटावर शिकले. दांडिया बाजारातलं एखादं जुनं घर पाडायला काढलं की मराठी पुस्तकांची खोकी आमच्या कॉलेजात येतात. मुलं बंगलोरला नाहीतर कॅनडात, आजोबांची पुस्तकं कोण सांभाळणार? कोर्समध्ये सांगतात, आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला ओळख-क्रमांक, टाका, नोंद आपोआप येईल. या पुस्तकांना आयएसबीएनच नाही, ती त्याच्या आधीची. मग लायब्ररी ऑफ काँग्रेसमधून नोंद उतरवून घ्यावी म्हटलं. त्यांचं दिल्लीला १९६२ पासून कार्यालय आहे, मराठी पुस्तकं त्यांच्याकडे भरपूर. पण शीर्षक येतं रोमन लिपीत, अक्षरांवर टिंबं आणि रेघा घेऊन. तुझा वाचक तसं कधी टाइप करणार?

म्हणजे देवनागरीत नोंद हातानेच. आणि तिथे खरी मजा. समज, वाचक ‘गडकरी’ शोधतो. राम गणेश गडकऱ्यांची नाटकं त्यांच्या नावावर, कविता ‘गोविंदाग्रज’ या नावावर, विनोदी लेखन ‘बाळकराम’ या नावावर. मुखपृष्ठावर असेल तसं भरत गेलीस तर एकाच माणसाचे तीन लेखक होतील आणि कविता हवी असलेला पोरगा हात हलवत परत जाईल. कोहात लेखकाची एक अधिकृत नोंद करायची, त्यात ४०० क्रमांकाच्या रकान्यात बाकीची नावं भरायची. आणि एक सेटिंग चालू करायचं, की ही ‘पाहा’वाली नावंसुद्धा वाचकाच्या शोधात धरली जावीत. ते सेटिंग आपोआप चालू नसतं. जुन्या तालिकेत तू ‘गोविंदाग्रज : पाहा गडकरी’ असं पुठ्ठ्याचं कार्ड लावायचीस, तेच हे. म्हणजे तुला येतंय आधीपासून.

दुसरी गोष्ट बारीक, पण तुझ्या भागात फार नडणार. ‘कऱ्हाडकर’ हे आडनाव घे. त्यातला तो अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात ‘ऱ’ हे वेगळं अक्षर घेऊन पाय मोडतात, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही अगदी सारखी. संगणकाच्या लेखी दोन वेगळी आडनावं. तू एका तऱ्हेने भरलंस आणि मदतनीस मुलाने दुसऱ्या, तर निम्मे कऱ्हाडकर सापडणारच नाहीत, आणि चूक कुठे आहे ते डोळे फोडूनही कळणार नाही. म्हणून पहिल्या दिवशीच ठरवायचं, सगळ्यांनी एकच कीबोर्ड वापरायचा. ‘ऱ्हस्व-दीर्घाचं काय’ म्हणशील. त्यासाठी ‘ओपनरिफाइन’ नावाचं फुकट साधन आहे. एक्सेलमधली यादी त्यात घातली की लेखकांची नावं एकाखाली एक, किती वेळा आलीत त्या आकड्यासह दिसतात. ‘कुलकर्णी’ आणि ‘कुळकर्णी’ शेजारी शेजारी येऊन बसतात, आणि दोन खरंच वेगळी माणसं आहेत की लिहिणाऱ्याची लहर, ते तू ठरवायचं. ते मशीनला नाही समजत. गावातली घराणी तुला माहीत.

एक इशारा. कुणी ‘तीन महिन्यांत सगळं संगणकीकरण करून देतो’ म्हणत आलं तर हो म्हणू नकोस. आमच्याकडे एका एजन्सीच्या मुलांनी जुन्या फॉन्टमध्ये भरलेल्या नोंदी अजून निस्तरते आहे. फॉन्ट काढला की अक्षरांच्या जागी नुसती इंग्रजी बाराखडी नि टिंबं. जे भरायचं ते युनिकोडमध्ये, म्हणजे फॉन्ट बदलला तरी अक्षरं तीच राहतील, आणि बॅकअप तुझ्या ताब्यात.

तर असं करू. तू आधी फक्त कथा-कादंबरीचं एक कपाट घे. दर रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर बसू, तू तुझी पुस्तकं भर, मी माझ्या खोक्यातली. अडलं की तिथल्या तिथे भांडता येईल. एकटीने केलेले ऑनलाइन कोर्स दुसऱ्या आठवड्यात का सुटतात माहितीये? विचारायला कुणी नसतं म्हणून नाही. कुणाला सांगायला नसतं म्हणून. आमच्या गुजराती सहकारी बेन पण येते म्हणतात. त्यांना मराठी वाचता येतं, फक्त ‘ळ’ आणि ‘ल’वरून माझ्याशी वाद घालतात, त्यामुळे तुला सोबत होईल.

पुढच्या रविवारपर्यंत दाखल नोंदवहीच्या पहिल्या पानाचा फोटो काढून पाठव. रकाने कोणते आहेत ते बघून मी एक्सेलचा साचा करते. किंमत आणि देणगीदाराचं नाव हे दोन रकाने गाळायचे नाहीत, तपासणीला तेच विचारतात.

भाओजींच्या गुडघ्याचं काय झालं? ऑपरेशन ठरलं तर तारीख आधी कळव, त्या रविवारी आपण सुट्टी घेऊ.

तुझी,
वासंती

ता. क. – तुमच्याकडे मराठी टाइप कशाने करतात, इनस्क्रिप्टने की उच्चाराप्रमाणे इंग्रजीतून? इनस्क्रिप्ट असेल तर कीबोर्डवर चिकटवायचे स्टिकर माझ्याकडे जास्तीचे आहेत, कुरिअर करते. पत्ता वाचनालयाचा टाकू की घरचा?