चौक ते चौक, आणि मध्ये एकच टोला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अनंत चतुर्दशी जवळ आली की इंदुरात दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. ‘परदेशात रस्त्यावर असे ढोल बडवू देतात का?’ हे पहिलं, आणि ‘परंपरा आहे, ती अडवायचा कोणाला अधिकार?’ हे दुसरं. दोन्ही चुकीची आहेत, हे उत्तर आयर्लंडकडे पाहिलं की कळतं. तिथे दर १२ जुलैला प्रोटेस्टंट बंधुसंघांच्या मिरवणुका निघतात. त्यांच्यातला सगळ्यात मोठा ढोल आपल्या पथकाच्या ढोलाहून मोठा आणि जड असतो. आणि त्याच देशात ठराविक दोन चौकांच्या दरम्यान सगळा बँड गप्प करून एका ड्रमच्या एकेका टोल्यावर चालवण्याचा नियमही आहे. आपल्या झांक्यांच्या, म्हणजे विसर्जन मिरवणुकीतल्या चित्ररथांच्या, मार्गासाठी नेमकी हीच पद्धत आणावी आणि पथकांनी ती तालमीत बसवावी, यासाठी हे पत्र.

आधी एक गैरसमज. या बंधुसंघांतला मुख्य संघ म्हणजे ‘ऑरेंज ऑर्डर’. हे नाव संत्र्याच्या रंगावरून आलेलं नाही. दक्षिण फ्रान्समधल्या ऑरेंज नावाच्या छोट्या संस्थानाची पदवी धारण करणारा राजा विल्यम याने १६९० साली बॉइन नदीकाठी कॅथलिक राजा जेम्सचा पराभव केला. त्याच्या नावाने १७९५ मध्ये आर्मा परगण्यातल्या लॉफगॉल इथे ही संघटना उभी राहिली. रंग नंतर नावाला चिकटला. घडण फ्रीमेसनांसारखी आहे : स्थानिक ‘लॉज’ म्हणजे शाखा, पदाधिकारी, गळ्यात पट्टे, समोर रंगवलेला रेशमी फलक. हा चर्चचा उत्सव नव्हे. संघटना धर्माच्या नावाची असली तरी तिचं रूप भाईचाऱ्याच्या मंडळाचं आहे. पहिली मिरवणूक १७९६ मध्ये निघाली. वाद्यं आली ती सैन्यातून आणि स्थानिक शिबंदीतून : फाइफ म्हणजे आखूड आडवी बासरी, आणि ड्रम.

सरसकट बंदीचं काय होतं, तेही तिथे करून झालेलं आहे. १२ जुलै १८४९ रोजी डाउन परगण्यात डॉलीज ब्रे या खिंडीत मिरवणुकीच्या वेळी दंगल होऊन अनेक कॅथलिक रहिवासी मारले गेले. पुढच्याच वर्षी अशा मिरवणुकांवर बंदी घालणारा कायदा झाला. १८६७ मध्ये विल्यम जॉन्स्टन या जमीनदाराने तो उघड मोडून बँगरला मिरवणूक नेली. १८६८ मध्ये त्याला तुरुंगवास झाला आणि त्याच वर्षी बेलफास्टने त्याला खासदार म्हणून निवडून दिलं. १८७२ मध्ये कायदा रद्द झाला. बावीस वर्षांच्या बंदीने मिरवणूक तर थांबली नाहीच, उलट एक पुढारी तयार झाला.

आता वाद्यांकडे वळू, कारण आवाजाच्या नियमांबद्दल बोलणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी आवाज निघतो कसा हे पाहिलेलं असतं. आज तिथे सर्वांत जास्त दिसतात ते बी-फ्लॅट बासरीचे बँड : वीस ते चाळीस वादक, चार-सहा साइड ड्रम, एक बास ड्रम, एक झांज. सगळे एकच चाल वाजवतात तो ‘मेलडी’ प्रकार, आणि निरनिराळ्या सुरांच्या बासऱ्यांवर वाटून वाजवतात तो ‘पार्ट’ प्रकार. अकॉर्डियनचे, पितळी वाद्यांचे आणि बॅगपाइपचे बँड वेगळेच. ‘ब्लड अँड थंडर’ म्हणवणाऱ्या बँडांत बास ड्रम मुद्दाम बासऱ्यांवर चढवतात, आणि त्यात शेजाऱ्याला डिवचण्याचा हेतू अनेकदा असतो. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

लँबेग हा त्यांचा जुना ढोल मात्र ऐकण्याची वस्तू आहे. व्यास तीन फुटांच्या थोडा वर, खोली सुमारे दोन फूट, वजन साधारण १६ ते १८ किलो. ओकच्या लाकडाचं पिंप, दोन्ही तोंडांवर शेळीचं पातळ कातडं, कसायला दोरी, आणि वाजवायला मलाक्का वेताच्या बारीक छड्या. आपल्या ढोलाची दोन पानं वेगळी लागतात, एक घुमणारं आणि एक चढं. लँबेगची दोन्ही पानं एकाच स्वरात आणावी लागतात. स्पर्धेत परीक्षक कान देतात ते दोन्ही बाजूंचा स्वर जुळून एकच झणझणीत नाद उठतो की नाही याकडे. एका बाजूची दोरी थोडी जास्त ओढली गेली की नाद फुटतो. ओढण्यातच तासन्तास जातात. पावसाच्या सरीत कातडं ढिलं पडतं, म्हणून चालताना कव्हर सोबत ठेवतात. आपल्याकडे भाद्रपदात चामड्याच्या ढोलाचं जे होतं तेच. गंमत म्हणजे हाच लँबेग कॅथलिकांच्या ‘एन्शंट ऑर्डर ऑफ हायबर्नियन्स’ या प्रतिस्पर्धी संघाच्या मिरवणुकांतही वाजत आला आहे. पट्टे आणि फलकही तसेच, फक्त हिरवे.

लँबेगचा आवाज जवळून १२० डेसिबलच्या आसपास जातो. आपल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रुग्णालय वगैरेंभोवतीच्या शंभर मीटरच्या शांतता क्षेत्राची मर्यादा दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल आहे. रुग्णालयासमोर एक ढोलसुद्धा त्यात बसणार नाही, मग तिथे मीटर घेऊन उभं राहण्यात काय हशील? संख्येच्या मर्यादेचंही तेच. २०२४ मध्ये पुण्यातल्या पथकांना हरित लवादाने तीस जणांची मर्यादा घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. गणित असं की साठ ढोलांचे तीस केले तर आवाज जेमतेम ३ डेसिबलने उतरतो. कानाला हा फरक मुश्किलीने कळतो. संख्या कमी करून रुग्णाला झोप लागत नाही. त्या शंभर मीटरांत वाजवणं थांबलं तर लागते.

उत्तर आयर्लंड या निष्कर्षाला फार मोठी किंमत मोजून आलं. पोर्टाडाउनजवळच्या ड्रमक्री चर्चमधून परतणारी मिरवणूक कॅथलिक वस्तीतल्या गार्वाही रोडवरून जावी की नाही, यावरून १९९५ पासून दर जुलैत देश पेटत होता. जुलै १९९८ च्या त्या तणावात बॅलिमनी इथे घराला लावलेल्या आगीत तीन लहान भाऊ जळून गेले. मिरवणुकांचा वेगळा आयोग १९९७ मध्ये स्थापन झाला आणि १९९८ च्या कायद्याने त्याला निर्णयाचा अधिकार मिळाला. काढणाऱ्याने २८ दिवस आधी ठरलेल्या अर्जावर मार्ग, वेळ, माणसांची संख्या आणि बँडांची नावं पोलिसांना द्यायची. विरोधात निदर्शनं करणाऱ्यांनीही १४ दिवस आधी कळवायचं. वर्षाला हजारो मिरवणुका निघतात, वादाच्या त्यांतल्या थोड्याच. तेवढ्यांबाबत आयोग लेखी निर्णय देतो, आणि निर्णयाची भाषा पाहण्यासारखी असते : ‘अमुक चौकापासून तमुक चौकापर्यंत संगीत नाही, फक्त एका ड्रमचा टोला. थांबायचं नाही. बरोबर चालणारे समर्थक या टप्प्यात येणार नाहीत.’ काही ठिकाणी स्तोत्रांच्या चालींना मुभा असते.

यातला ‘थांबायचं नाही’ हा भाग आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचा. १२ जुलै २०१२ रोजी बेलफास्टच्या डोनेगल स्ट्रीटवर सेंट पॅट्रिक चर्चसमोर एक बँड खोळंबला आणि तिथेच गोल फिरत वाजवत राहिला. वाद पेटला तो तिथे थांबून रिंगणात वाजवलेल्या चालीमुळे, नुसत्या जाण्याने नव्हे. आपली पथकं तर थांबून रिंगण धरण्यासाठीच ओळखली जातात. पुढची झांकी अडली की मागच्या पथकाने जागीच ठेका धरायचा, ही सवय. ते ठिकाण रुग्णालयाचं किंवा प्रार्थनास्थळाचं असलं की गाडी बिघडते.

दुसरी गोष्ट सुपारीची. तिथे बँड लॉजचा नसतो, तो स्वतंत्र असतो आणि लॉज त्याला त्या दिवसापुरता ठरवते. ठरवताना लेखी अटी असतात : दारू नाही, प्रार्थनास्थळाजवळ स्तोत्रांखेरीज काही नाही. आपल्याकडे मंडळ पथकाला सुपारी देतं ती तोंडी, आणि अटी असल्या तर पैशांच्या. मार्गातल्या शांत टप्प्यांची यादी सुपारीच्या कागदावरच हवी. नाहीतर पोलीस मंडळाला सांगतात, मंडळ पथकाकडे बोट दाखवतं आणि पथकप्रमुखाला त्या गोंगाटात काही ऐकूच येत नाही.

एका टोल्यावर चालणं सोपं वाटतं, पण तालीम नसलेलं पथक त्यात दहा पावलांत विस्कटतं. कारण साधं आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. पथक पन्नास मीटर लांब असेल आणि टोला पुढून पडत असेल तर शेवटच्या रांगेला तो सुमारे ०.१५ सेकंद उशिरा पोचतो. मिनिटाला ११० पावलांच्या चालीत हा उशीर पाव पावलाहून जास्त होतो. पूर्ण वादनात हे झाकलं जातं, एकट्या टोल्यात उघडं पडतं. म्हणून टोला देणारा ताशा रांगेच्या मधोमध ठेवावा, म्हणजे फरक निम्म्यावर येतो. मागच्यांनी कानापेक्षा पुढच्या रांगेच्या पायांवर नजर ठेवावी. टोला फक्त डाव्या पावलावर, एका काडीने, ताशावर जाड टॉवेल टाकून. वादन थांबलं की पाय आपोआप घाई करतात, त्यामुळे टोला देणारा नवखा नको.

वाद्यं गप्प ठेवणं हेही शिकावं लागतं. टिपरू कमरेला खोचलं तरी ढोल पूर्ण गप्प होत नाही. शेजारच्या आवाजाने पान कंप पावतं, म्हणून तळवा पानावर टेकवूनच चालायचं. झांजा हातात लोंबत ठेवल्या तर प्रत्येक पावलाला किणकिणतात. एक काखेत, दुसरीची दोरी मुठीला गुंडाळलेली, असं धरावं. थांबण्याची खूण शिट्टीने देऊ नये, शिट्टी ढोलाइतकीच टोचते. पुढे एक आणि मागे एक असे दोन ध्वज ठेवावेत, ध्वज आडवा झाला की शांत. सगळ्यात जास्त चुका होतात त्या टप्प्याच्या शेवटी : पुढची रांग चौक ओलांडते आणि वाजवू लागते, तेव्हा मागच्या दहा रांगा अजून रुग्णालयासमोरच असतात. साठ जणांचं पथक चारच्या रांगांत, रांगांमध्ये दोन मीटर सोडून चाललं तर लांबी तीस मीटरच्या आसपास भरते. मागचा ध्वज चौक ओलांडून उभा होईपर्यंत कोणीही हात उचलायचा नाही. मैदानावर चुन्याच्या दोन रेघा शंभर मीटरवर आखून आठवडाभर रोज दहा फेऱ्या मारल्या तर हे अंगवळणी पडतं.

यासाठी नवा कायदा लागत नाही. १८६१ च्या पोलीस कायद्याच्या कलम ३० मध्ये सणासमारंभात रस्त्यावर संगीत कितपत वाजवायचं हे ठरवण्याचा अधिकार पोलिसांना आहेच. तो ऐन रात्री काठी आपटून वापरण्यापेक्षा आधी कागदावर वापरावा. जेल रोड, कृष्णपुरा, जवाहर मार्ग, राजवाडा हा सगळा मार्ग पोलीस, मंडळं, पथकं आणि तिथले रहिवासी यांनी एकदा पायी चालावा आणि कुठून कुठपर्यंत एकच टोला ते चौकांच्या नावांनी लिहावं. प्रार्थनास्थळ कोणत्याही धर्माचं असो, नियम एकच. मीटर न लावताही कोपऱ्यावरच्या हवालदाराला कळेल की एक ताशा वाजतो आहे की साठ ढोल. बेलफास्टच्या आर्डॉइन भागात तीन वर्षं चाललेलं धरणं २०१६ मध्ये सुटलं तेही असं समोरासमोर बसून, आणि अडलेली मिरवणूक सकाळच्या वेळी पार पडली.

अनंत चतुर्दशीच्या २८ दिवस आधी म्हणजे राखीपौर्णिमेच्या आसपास. पथकांचे अर्ज तेव्हा घ्यावेत आणि शांत टप्प्यांचा नकाशा गणपती बसण्याच्या आठ दिवस आधी आपल्या दैनिकात छापून यावा. तालमी तोवर सुरूच असतात, चुन्याच्या रेघा मारायला वेळ उरतो.

आपले,
ढोल-ताशा शिकवणारे काही वादक,
रामबाग, इंदूर