क्लासची फी भरण्याआधी

सांगली

चि. सोहम यास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू क्लासच्या फीचा आकडा सांगितलास, बाबा लगेच ‘भरून टाकू’ म्हणाले आणि मी गप्प बसले. तुला ते लागलं, असं ताई सांगत होती. पैशांकडे बघून मी गप्प नव्हते रे. सपोर्टमधून बाहेर पडून डेव्हऑप्समध्ये, म्हणजे प्रोग्राम लिहिणं आणि तो चालवणं यांचा मेळ घालणाऱ्या कामात, जायचं तुझं ठरलंय, याचा मला आनंदच आहे. पण क्लासच्या जाहिरातीत लिहिलंय ते आणि प्रत्यक्षातलं काम यात अंतर आहे. ते फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसले.

साखर कारखान्याच्या ईडीपीत, म्हणजे संगणक विभागात, मी सर्व्हर सांभाळत आले. काट्याची वजनं, ऊसबिलं, पगार, सगळं त्याच्यावर. हंगामात काटा अडला की काय होतं ते तू लहानपणापासून बघतोयस. जानेवारीतली ती रात्र तुला कदाचित आठवत असेल. दोनच्या सुमारास काट्यावरून फोन आला, वजन दिसतंय पण पावती निघत नाही. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग फाटकाबाहेर रस्त्यावर गेलेली, थंडीत बैलगाड्या ताटकळत उभ्या, गव्हाणीत ऊस संपत आलेला. सॉफ्टवेअर दिलेल्या कंपनीच्या माणसाला उठवलं तर तो म्हणाला, ‘आमच्याकडे तर व्यवस्थित चालतंय.’ घरून लॉगिन करून बघितलं, तर डिस्क शंभर टक्के भरलेली. त्यांनी दिलेल्या नव्या व्हर्जनमध्ये प्रत्येक पावतीमागे भलामोठा लॉग, म्हणजे प्रोग्रामने काय केलं त्याची नोंद, लिहिला जात होता, आणि ते आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. जुने लॉग दुसरीकडे हलवले, सर्व्हिस परत सुरू केली, तेव्हा पहिली पावती निघाली. सकाळी जुने लॉग आपोआप काढून टाकणारं लॉगरोटेट लावलं आणि डिस्क ८० टक्क्यांवर गेली की मोबाइलवर मेसेज येईल अशी लहानशी स्क्रिप्ट लिहिली. त्या कारणाने काटा पुन्हा कधी थांबला नाही.

तू जे शिकायला निघालायस ते अशाच रात्रींतून जन्माला आलंय. प्रोग्राम लिहिणारे एका बाजूला, तो चालवणारे दुसऱ्या बाजूला, आणि अडलं की एकमेकांकडे बोट. २००९ मध्ये बेल्जियममधल्या गेंट शहरात पॅट्रिक डेबॉइस यांनी दोन्हीकडच्या लोकांना एकत्र बसवलं आणि तिथून डेव्हऑप्स हे नाव रूढ झालं. लिहिलेला बदल आपोआप तपासला जावा, थोडाथोडा करून रोज पुढे जावा, बिघडला तर लगेच मागे घेता यावा, आणि चालवणाऱ्याला काय बदललंय ते आधी कळावं, एवढ्यासाठी ही सगळी साधनं आहेत. क्लासवाले साधनांची यादी देतात. ती कशासाठी ते सांगत नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

आणि ही साधनं बदलत राहतात. प्रोग्राम त्याला लागणाऱ्या सगळ्या गोष्टींसकट कंटेनर नावाच्या डब्यात बांधणारं डॉकर २०१३ मध्ये आलं, असे पुष्कळ कंटेनर सांभाळणारं कुबरनेटीस त्याच्या पुढच्या वर्षी गूगलने खुलं केलं. मग २०२२ मध्ये कुबरनेटीसने डॉकरचा आपल्या आतला थेट आधार काढून टाकला, तेव्हा नुसत्या कमांड पाठ केलेली मुलं गडबडली. कंटेनर म्हणजे शेवटी लिनक्सच्या नेमस्पेस (काय दिसावं त्याची मर्यादा) आणि सीग्रुपमध्ये (किती वापरावं त्याची मर्यादा) कोंडलेली एक प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्राम, हे ज्यांना ठाऊक होतं त्यांचं काही अडलं नाही. सर्व्हर कोड लिहून उभे करणाऱ्या टेराफॉर्मचा परवाना २०२३ मध्ये बदलला आणि त्यातून ओपनटोफू वेगळं निघालं. लिनक्स मात्र १९९१ पासून आहे, कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट २००५ पासून, आणि वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारं डीएनएस त्या दोघांहून जुनं.

म्हणून आधी या न बदलणाऱ्या पायावर बस. प्रोसेस, परवानग्या, सर्व्हिस चालू-बंद करणारं सिस्टमडी, लॉग वाचणं, कमांड लिहायचं बॅश, कामापुरतं पायथन. नेटवर्किंग टाळू नकोस, ते सगळेच टाळतात आणि मुलाखतीत तिथेच अडकतात. स्लॅश २४ च्या सबनेटमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या एका तुकड्यात, २५६ पत्ते असतात, एडब्ल्यूएसवर (ॲमेझॉनच्या क्लाउडवर) त्यातले वापरायला २५१ च का मिळतात, हे न अडखळता सांगता आलं पाहिजे. भाड्याने सर्व्हर देणारं एकच क्लाउड धर आणि नीट शिक, दुसरा नंतर सोपा जातो. कुबरनेटीस सगळ्यात शेवटी. परीक्षा द्यायचीच असेल तर सीकेए ही कुबरनेटीसची प्रमाणपत्र परीक्षा दे. त्यात पर्याय निवडायचे नसतात, दोन तास टर्मिनलवर प्रत्यक्ष काम करून दाखवावं लागतं.

पण परीक्षेच्याही आधी एक गोष्ट स्वतः उभी कर. पावसाळ्यात इथे जो तो कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पाणीपातळी विचारत असतो. तेवढंच दाखवणारं एक वेबपान कर. आकडे सुरुवातीला हाताने भरलेस तरी चालेल. कोड गिटमध्ये, प्रत्येक बदलाला आपोआप चाचणी, डॉकर इमेज (कंटेनरचा साचा), टेराफॉर्मने उभा केलेला सर्व्हर, प्रोमिथियस आणि ग्राफानावर देखरेख. पातळी ४० फुटांच्या इशाऱ्याला पोचली की एक मेसेज, ४५ च्या धोक्याला दुसरा. सगळं चाललं की मुद्दाम सर्व्हर उडवून दे आणि किती वेळात परत उभा राहतो ते बघ. ‘सर्व्हर बंद पडला तर काय कराल?’ असं मुलाखतीत कुणी विचारलं तर तुझ्याकडे स्वतःचं उत्तर असेल.

हे पुलाचं मी उगाच सुचवत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पातळी ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा रस्ते बंद व्हायच्या आधी मी बॅकअपच्या हार्ड डिस्क विट्याला मामाकडे पाठवल्या होत्या. विटा उंचावर, तिथे कृष्णेचं पाणी पोचत नाही. पाठवल्या, तरी रात्रभर डोक्यात एकच होतं, शेवटच्या बॅकअपनंतर भरलेलं काय काय जाईल, आणि सगळं गेलंच तर परत उभं करायला किती दिवस लागतील. आता एडब्ल्यूएसचं मुंबई रीजन, म्हणजे तिथली डेटा सेंटरं, २०१६ पासून आहे, हैदराबादचं २०२२ पासून. एकीकडचा डेटा दुसरीकडे ठेवणं काही मिनिटांचं काम झालंय. प्रश्न मात्र तेच दोन आहेत, किती डेटा गमावणं परवडेल आणि किती वेळ बंद राहणं परवडेल. ते विचारणारा इंजिनीअर मला हवा तिथे भेटला नाही. तू तो हो.

बिलाचं लक्षात ठेव. अकाउंट उघडलास की पहिल्यांदा बजेट अलर्ट लाव. नॅट गेटवे (आतल्या सर्व्हरना इंटरनेटवर जाऊ देणारी सोय) विसरून चालू राहिला की तासातासाला पैसे जातात. सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्यालाही (इंटरनेटवरच्या पत्त्याला) फेब्रुवारी २०२४ पासून तासाला अर्धा सेंट पडतो. ॲक्सेस की, म्हणजे तुझ्या क्लाउडची किल्ली, चुकूनही गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, टाकू नकोस, अशा की शोधत फिरणारे प्रोग्राम काही मिनिटांत त्या उचलतात.

आता जे लिहिणार आहे ते कडक आहे. क्लासवाले तीन वर्षांचा खोटा अनुभव दाखवायला सांगतात, असं तूच म्हणालास. ‘सगळेच करतात’ हे मला ऐकायचं नाही. पीएफच्या यूएएनवर (तुझ्या कायमच्या खाते क्रमांकावर) तू कुठे, कधी काम केलंस ते सगळं दिसतं, आणि कंपन्या ते तपासतात. पण पकडला जाशील म्हणून मी नको म्हणत नाहीये. उद्या कुणाच्या तरी बँकेचा, दवाखान्याचा सर्व्हर तुझ्या हातात असेल, आणि रात्री दोन वाजता तो पडल्यावर त्या खोट्या तीन वर्षांतलं काहीच तुझ्या कामाला येणार नाही. सपोर्टमधलं तुझं दीड वर्ष खरं आहे. तिकिटं वाचून मूळ कारण शोधायची तुला सवय आहे, तीच सांग. रोज हाताने करावी लागणारी एखादी कटकट स्क्रिप्टने बंद कर आणि तुझ्या टीम लीडला दाखव. आतल्या आत बदली मिळणं बाहेरच्या मुलाखतीपेक्षा पुष्कळदा सोपं असतं.

नोकरी मिळताना ऑन-कॉल, म्हणजे रात्री-अपरात्री बिघाडाचा फोन घ्यायची पाळी, किती जणांत वाटलेली आहे ते जरूर विचार. दोघांतच असेल तर घेऊ नकोस. झोप मोडून मोडून माणूस चिडचिडा होतो, आणि थकलेल्या हाताने चुकीचा सर्व्हर बंद होतो.

फीचे पैसे तुझ्या नावाने बाजूला ठेवलेत. त्यातून आधी लॅपटॉपची रॅम १६ जीबी करून घे. उरलेल्यातून परीक्षेची फी आणि क्लाउडचं बिल बरेच महिने निघेल. हे सगळं करून सहा महिन्यांनीही क्लास हवासा वाटला तर मी एक शब्द बोलणार नाही.

ताईबरोबर भडंग आणि नवी हळद पाठवतेय. रविवारी जेवण झाल्यावर फोन कर, पाणीपातळीच्या पानासाठी कोणते सबनेट कसे पाडलेस ते स्क्रीन शेअर करून मला दाखव.

तुझी,
आई