माशांच्या खाण्याबद्दल

प्रिय संदीप,

फिशफूडचा एक किलोचा डबा परवडतो म्हणून घेऊ का असं विचारलंयस, तर नको घेऊस रे. तुझे आठ छोटे मासे, ते खाऊन खाऊन किती खाणार, आणि डब्यावरची एक्सपायरी असते ती सीलबंद डब्याची, सील फोडलं की ती तारीख विसरायची. फिशफूडमध्ये माशाचं तेल असतं, त्याला हवा लागली की ते खवट होतं, आपले जुने शेंगदाणे होतात ना तसं, आणि फ्लेक्स, म्हणजे ते पापुद्रे, तर एवढे पातळ की त्यांना सगळीकडून हवा लागते, त्या मानाने पेलेट, म्हणजे गोळ्या, जरा टिकतात.

खवट झालेलं निदान वासावरून कळतं तरी, पण खाण्यातलं व्हिटॅमिन सी कधी गेलं ते कळतच नाही. बहुतेक माशांना ते अंगात तयार करता येत नाही, जे काय मिळतं ते खाण्यातूनच, आणि फार काळ कमी पडलं तर जखमा भरत नाहीत, कणा वाकडा होतो. खाणं दिसायला मात्र तसंच रंगीत! म्हणून मी म्हणतो, दोन-तीन महिन्यांत संपेल एवढंच घ्यावं.

आणि प्लीज तो डबा टँकच्या झाकणावरून उचल. तिथे लाइटची गरमी, खाली पाणी, म्हणजे सगळा दमटपणा. ओल्या बोटांनी चिमूट घ्यायची नाही, कोरडा चमचा ठेव. गुठळी दिसली किंवा कुबट वास आला तर सगळंच टाकून दे, वरची बुरशी काढून उरलेलं घालायचं नाही, तिचं विष खाली उतरलेलं असू शकतं.

जास्तीचं असेल तर छोट्या झिपलॉकमध्ये हवा दाबून काढून फ्रीझरला टाक. फक्त बाहेर काढल्यावर लगेच उघडू नकोस, पाकीट रूमच्या टेंपरेचरला येऊ दे, नाहीतर गार खाण्यावर हवेतलं पाणी धरतं आणि सगळी मेहनत वाया. फ्रोजन ब्लडवर्म (माशांना घालतात त्या लाल अळ्या) लागतील तेवढेच काढायचे, एकदा वितळले की परत गोठवायचे नाहीत.

डबा आधीच घेऊन बसला असशील तर आज रात्रीच वाटण्या करून टाक, आणि प्रत्येक पाकिटावर मार्करने तारीख लिही. काय केलंस ते कळव.

तुझा,
मंदार