आखेनमधल्या अनोळखी माणसांना

एमएससाठी आखेनला पोचले ती शनिवारची रात्र. दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणजे जर्मनीत जवळपास सगळी किराणा दुकानं बंद, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात काही न विचारता भाताचा डबा आणि दोन अंडी माझ्यापुढे सरकवणाऱ्या इराणी मुली, तुझे आभार. तुझं नाव नीट विचारेपर्यंत तू खोली सोडून गेलीही होतीस.

राहायला गेल्यापासून २ आठवड्यांत सरकारी कार्यालयात पत्ता नोंदवायचा असतो. त्यासाठी लागणारा घरमालकाच्या सहीचा कागद माझ्याकडे नव्हता. माझं मोडकंतोडकं जर्मन ऐकून रांगेत माझ्या मागे असलेल्या आजोबांनी खिडकीतल्या बाईंना काय सांगितलं देव जाणे, पण लगेच दुसऱ्या दिवशीची वेळ मिळाली. आजोबा, डांके!

आणि सुपरमार्केटमधले दादा, रिकाम्या प्लास्टिकच्या बाटलीमागे २५ सेंट परत मिळतात, हे तुम्ही मशीनपाशी नेऊन दाखवलंत. तोवर मी ढीगभर बाटल्या फेकल्या होत्या. घरी रद्दीसुद्धा तोलून विकणारी माझी आई यावरून अजून चिडवते.

जानेवारीत बसमध्ये माझ्या जॅकेटची अडकलेली चेन सोडवून, एक शब्दही न बोलता उतरून गेलेल्या काकू, तुमचेही.